खिट्टीवहिनी

पिस्तुलाचा चाप फार गोड होता, आणि तिथंच धाकटीच्या मनात पाल चुकचुकली.

वापरलेलं पिस्तूल हातात आलं की ते आधी थोडं कुरकुरतं. बोटाला जराशी खरखर लागते, मग एक अडखळ येते, त्या अडखळीपाशी मन घट्ट करावं लागतं आणि मगच घोडा पडतो. हे पिस्तूल मात्र विचारायच्या आधीच हो म्हणत होतं. ते रिकामं आहे याची तिनं डोळ्यांनी आणि बोटानं दोन्हीकडून खात्री केली होती. तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पेटीकडे धरलं होतं. बोट नुसतं टेकवलं. विचार अजून वाटेतच होता, आणि आत टक् झालं.

तिनं पुन्हा घोडा चढवला, पुन्हा बोट टेकवलं. टक्.

"काय मेहुणीबाई, एवढं काय हुंगते आहेस?" दाजी म्हणाले. "पिस्तूल आहे ते, खरबूज नाही."

"खरबूज असतं तर तुम्ही मला विचारायला आला नसतात, दाजी. कापून, खाऊन, तोंड पुसून आला असतात."

दाजी हसले, पण हसू ओठांवर टेकलं न टेकलं तोच उडून गेलं. बाहेर वारा सुटला होता. दुकानाच्या शटरची एक पट्टी सैल झाली होती आणि ती सारखी खडखडत होती, कुणीतरी दारात उभं राहून आत येऊ की नको असं करत असल्यासारखी. दाजीही तसेच. स्टुलावर बसायचे, उठायचे, भिंतीवरचा एखादा पेचकस काढायचे, त्याचं टोक अंगठ्यावर घासून बघायचे आणि भलत्याच खिळ्याला अडकवायचे. धाकटी तो पेचकस नजरेनंच परत जागेवर ठेवायची.

दुकानाच्या पाटीवर अजून बाबांचं नाव होतं, पण त्या रस्त्यावरचे सगळे त्याला धाकटीचं दुकान म्हणत. बंदुका, पिस्तुलं दुरुस्त करायची, जुनी कुणी विकत घेत असेल तर आधी तपासून द्यायची, हा घरचा धंदा. बाबांना दोन मुली. थोरली घर धरून राहिली, धाकटीनं कानस धरली. आणि दाजी कुणी परके नव्हते. ते याच दुकानात, याच लाकडी टेबलापाशी बाबांच्या हाताखाली शिकले होते. शिकता शिकता थोरलीच्या डब्यातलं जेवू लागले आणि जेवता जेवता जावई झाले, असं आई म्हणायची. पुढं त्यांना शहरातल्या एका मोठ्या पेढीच्या तळघरावर पहारेकरी म्हणून नोकरी लागली. टेबल सुटलं, गणवेश आला.

आता त्यांच्याच पेढीतला एक म्हातारा पहारेकरी निवृत्त होत होता. त्याचं पिस्तूल दाजींना घ्यायचं होतं. पेढीनं ते काही आठवडे वापरून बघायची परवानगी दिली होती, आणि उद्या वर्षाची नेमबाजीची परीक्षा होती. त्या परीक्षेला ज्याच्या हत्याराला तपासणीचा शिक्का आहे त्यालाच उभं करत. जो उभा राहिला नाही, किंवा उभा राहून नापास झाला, त्याला तळघरावरून काढत. दाजींना एवढंच हवं होतं, शिक्का. त्यासाठी त्यांनी पिस्तूल टॉवेलात गुंडाळून आणलं होतं, लेकराला दवाखान्यात आणावं तसं.

"घरचंच आहे गं," ते म्हणाले. "उघडत बसू नकोस. वरवर बघ आणि मार शिक्का. मला परत ड्युटीवर जायचंय."

 धाकटीनं पिस्तूल खिडकीच्या उजेडात धरलं.

वापरलेलं पिस्तूल म्हणजे कुणीतरी सोडून गेलेली खोली, असं बाबा सांगत. भिंतीतले खिळे बघायचे, कडी कुणी बदलली ते बघायचं, शेगडीमागचा काळा डाग बघायचा. आधीचा माणूस कसा नांदला ते आपोआप कळतं. या खोलीत तो म्हातारा नांदला होता. मुठीवरचं मूळचं लाकूड काढून त्यानं रबर बसवलं होतं. तळहाताला घाम येत असणार. नेम धरायची पुढची माशी बदलून पांढऱ्या ठिपक्याची लावली होती. नजर अधू झाली असणार. दोन्हींच्या स्क्रूच्या खाचांत जुनं तेल आणि धूळ मिळून काळी साय धरली होती, म्हणजे हे बदल पिस्तुलाच्या अंगवळणी पडले होते. म्हाताऱ्यानं आपल्या सोयीपुरते दोन खिळे ठोकले होते, भिंत पाडली नव्हती.

मग हा गोडवा आला कुठून?

तिनं खणातून वजनाचा छोटा काटा काढला, त्याचा आकडा चापात अडकवला आणि हळूहळू ओढला. अशा पिस्तुलाला किती जोर लागायला हवा ते तिला पाठ होतं. काटा त्याच्या निम्म्यावरही गेला नाही. तिनं पुन्हा ओढला. पुन्हा तेच.

"जुनं आहे," दाजी म्हणाले. "झिजलं असेल. माणूस नाही का झिजत?"

"झिजलं की वाकडं झिजतं, दाजी. हे सरळ झिजलंय."

त्यावर दाजींनी चहा मागवू का, असं विचारलं. तिनं नको म्हटलं. त्यांनी तरी फोन करून मागवला.

चहा येईपर्यंत तिनं तेवढी एक गोष्ट करून बघितली. रिकाम्या पिस्तुलाचा घोडा चढवला, चापावरून बोट काढून घेतलं, पार काढून घेतलं, दाजींना दिसेल असं बाजूला धरलं. आणि लाकडी हातोडीच्या दांड्यानं पिस्तुलाच्या पाठीवर हलकेच थोपटलं. झोपलेल्या पोराला थोपटावं, तेवढंच.

टक्.

घोडा पडला होता. चापाला कुणीही हात लावला नव्हता.

शटरची पट्टी खडखडली. दाजी स्टुलावरून उठले आणि पुन्हा बसले. "हातोडीनं मारलंस तर पडणारच," ते म्हणाले. धाकटीनं भिंतीवरचं दुकानाचं स्वतःचं पिस्तूल काढलं, तेही रिकामं असल्याचं त्यांना दाखवलं, घोडा चढवला आणि त्याच दांड्यानं थोपटलं. मग जरा जोरात थोपटलं. मग आणखी जोरात. तो घोडा जागचा हलला नाही.

"सुरक्षेचा खटका असतो ना वर लावलेला," दाजी म्हणाले.

"खटका चापाला धरतो. घोड्याला फक्त खिट्टी धरते. हे मी तुम्हाला सांगायचं?"

तिनं टेबलावर हिरवं कापड अंथरलं. दाजी पुढं झाले, उघडू नकोस म्हणाले, उशीर होतोय म्हणाले, मग उगाच पिस्तुलावर हात ठेवला. तिनं तो हात उचलून बाजूला ठेवला, ताटावरून माशी हाकलावी तसा, आणि पिस्तूल उघडलं.

सुटे भाग कापडावर मांडताना तिच्या ओठांत आपसूक आईचं गाणं आलं. आई या टेबलापाशी बसून भाग पुसायची, पॉलिश करायची, आणि कुठला कशानंतर मांडायचा ते पोरींच्या लक्षात राहावं म्हणून तिनं गाणं जोडलं होतं. तिच्या लेखी पिस्तूल म्हणजे भरलं घरच होतं.

नळीताई, नळीताई, उजवीकडे बसा,
स्प्रिंगमावशी, जागेवरच गालात हसा.
घोडेदादा, घोडेदादा, टापा नका झाडू,
खिट्टीवहिनी उंबऱ्यात, त्यांना नका ओलांडू.

खिट्टी म्हणजे नखाएवढा पोलादाचा तुकडा. घोडा मागं चढला की याच तुकड्याची धार त्याच्या खाचेत बसते आणि चाप ओढेपर्यंत त्याला आवरून धरते. सगळ्या घराचा जोर त्या एका बाईच्या पदरावर. लहानपणी धाकटीला तिचीच फार दया यायची. तिनं एकदा विचारलंही होतं, वहिनी थकत नाहीत का? आईनं सांगितलं होतं, थकू द्यायचं नसतं, म्हणून तर आपण आहोत.

आज वहिनी थकल्या नव्हत्या, त्यांना कुणीतरी झिजवलं होतं. धारेवर कानस फिरली होती. खाचेचा काठही खाली आला होता. स्प्रिंगमावशीही या घरातल्या नव्हत्या. कुठल्याशा हलक्या स्प्रिंगनं त्यांची जागा घेतली होती. आणि जिथं कानस लागली होती तिथलं पोलाद अजून लख्ख होतं. तेलानं त्याला अजून आपलं मानलं नव्हतं. मुठीचं रबर जुनं, माशी जुनी, ही कानस मात्र कालपरवाची.

तेवढ्यात चहा आला. दाजींनी कप डाव्या हातानं उचलला. धाकटीनं ते पाहिलं आणि मग तिला आठवलं की गेल्या कित्येक भेटींत ते तिनं पाहिलं होतं, फक्त मनाशी धरलं नव्हतं.

तिचा फोन वाजला. थोरली होती.

ते आहेत का तिकडं, झालं का काम, मारलास का शिक्का, असं थोरलीनं एका दमात विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली की सध्या त्यांचं काही खरं नाही. जेवणात लक्ष नाही, अंथरुणात कूस बदलत पडतात, विचारलं तर परीक्षा आहे म्हणतात. आणि मग हसत हसत, अगदी घरातली गंमत सांगावी तसं, तिनं सकाळची गोष्ट सांगितली. कामावर निघायची सगळी तयारी करून, पिस्तूल भरून, घोडा चढवून, खटका लावून, पट्ट्यात घालून ते पट्टा खुंटीला लावतात. बूट घालून झाले की तो काढून हातात द्यायचा, हे लग्न झाल्यापासून तिचं काम. आज ती पट्टा काढायला गेली आणि खुंटीच निखळली. पट्टा दाणकन खाली.

"माझ्या पायाशीच पडला बघ," थोरली म्हणाली. "मी म्हटलं, गेलं, आता पोचा आला असेल, धाकटी शिक्का मारायची नाही. तर हे असे पांढरेफटक पडले, जसं काही माझंच काहीतरी फुटलं. तू बघ हं, पोचा आलाय का."

"बघते, ताई," धाकटी म्हणाली, आणि फोन ठेवला.

तिच्या डोळ्यांपुढं सकाळची ती खुंटी आली.   तिच्या ताईचे पाय. रुंद, भेगाळलेले, घरभर अनवाणी फिरणारे पाय. त्यांच्यापाशी हे भरलेलं पिस्तूल पडलं होतं आणि वहिनींनी, इतक्या झिजलेल्या वहिनींनी, कसाबसा उंबरा धरला होता.

तिनं विचारलं की हे आतलं काम कुणाचं. दाजी म्हणाले, त्या म्हाताऱ्याचंच असणार, त्यानं कुठं कुठं हिंडून काय काय करून घेतलंय, त्याला हौस फार. त्यांनी म्हाताऱ्याच्या हौसेच्या दोन गोष्टीही सांगितल्या. बोलताना ते खिडकीशी गेले, पडदा सरकवला, परत आले.

धाकटीनं भिंग डोळ्याला लावलं आणि खिट्टी चिमट्यानं उलटी केली.

या दुकानाची एक रीत होती. आतल्या भागाला ज्यानं हात लावला त्यानं त्याच्या आतल्या अंगाला, कुणाला न दिसेल अशा जागी, आपली खूण करायची. पुढं कधी कुणी ते उघडलं तर कुणाला विचारायचं ते त्याला कळावं. बाबांची खूण एक आडवी रेघ. आईची दोन ठिपके, कुंकवाच्या करंड्यातून सांडल्यासारखे. धाकटीची एक फुली. आणि दाजी शिकायला आले तेव्हा त्यांना काय खूण द्यावी यावर थोरली म्हणाली होती, त्यांना चंद्रकोर द्या. सगळे तिच्याकडे बघायला लागले आणि ती स्वयंपाकघरात पळाली होती. घरातलं लग्न खरं तर त्या दिवशीच ठरलं.

भिंगाखाली, खिट्टीच्या आतल्या अंगाला, चंद्रकोर होती. बारीक, नेटकी, एका दमात ओढलेली. तीही लख्ख.

धाकटी भिंगातून डोळा काढेना. तिला वाटलं, आपण जोवर बघतोय तोवर हे फक्त पोलाद आहे. डोळा काढला की ते घरात येईल. चोरून काम करायचं, दुनियेपासून लपवायचं, आणि काम संपल्यावर त्याच हातानं त्यावर आपली सही करायची. असला वेडेपणा या एका टेबलावर शिकलेला माणूसच करू शकतो. दुसऱ्या कुठल्याही दुकानात हा माणूस कधीच सापडला नसता.

तिनं भिंग टेबलावर सरकवलं. "बघा," ती म्हणाली.

दाजी वाकले.  वाऱ्यानं शटर खडखडलं, थांबलं, पुन्हा खडखडलं.

"मला आठवतसुद्धा नाही," ते अखेर म्हणाले. "हात आपोआप गेला असणार."

मग ते बसले, पहिल्यांदाच नीट, भिंतीला पाठ टेकून, आणि सगळं सांगितलं. गेल्या हिवाळ्यात तळघराचं लोखंडी दार बंद करताना उजव्या हाताची तर्जनी चौकटीत सापडली होती. पेढीत सांगितलं असतं तर तेव्हाच तळघरावरून काढलं असतं, म्हणून बाहेरच्या बाहेर पट्टी बांधून घेतली. घरी सांगितलं, खरचटलंय. हाड जुळलं, पण बोटातला जोर परत आला नाही. बटण लावताना जाणवायचं, किल्ली फिरवताना जाणवायचं. स्वतःच्या जुन्या पिस्तुलाचा चाप ओढता येईना, तेव्हा त्याचा तरी हलका असेल म्हणून म्हाताऱ्याचं पिस्तूल घेतो म्हणाले; त्याला वाटलं, आपल्यावरच्या मायेनं घेतोय. तोही चाप ओढवेना. मग एका सुट्टीच्या दुपारी, थोरली शेजारी गेली असताना, त्यांनी जुनी कानस काढली. बोटात जोर नव्हता, पण कानस मुठीत धरायची असते, तेवढी मूठ शाबूत होती.

"उजव्यानं नाही तर डाव्यानं मारायचं," धाकटी म्हणाली.

ते म्हणाले, तेही करून बघितलं, डाव्या हातानं नेम पेढीच्या भिंतीलासुद्धा लागत नाही. मग म्हणाले:

"सकाळी पट्टा पडला. पडला आणि काही झालं नाही. तेव्हापासून माझे पाय एका जागी ठरत नाहीत. शिक्का मिळाला तर वाटलं, ठरतील."

धाकटीला त्यांच्या कानशिलात मारावीशी वाटली. आणि त्याच वेळी तिची नजर त्या खिट्टीच्या धारेवर गेली, आणि तिला हेही दिसलं की कानस कशी सरळ चालली होती, किती सावकाश, कुठं एक ओरखडा जास्तीचा नाही. बाबा या माणसाला घायकुत्या म्हणायचे. तुझा हात तुझ्या आधी धावतो, म्हणायचे. आयुष्यात एकदा याचा हात शांत चालला, तो या कामावर. हे तिनं बोलून दाखवलं नाही. असल्या गोष्टीचं कौतुक करायची ती वेळ नव्हती, आणि करावंसं वाटलं याचाच तिला राग आला.

ती उठली. मागच्या लोखंडी कपाटातून तिनं नवी खिट्टी काढली, कारखान्यातून आलेली, कुणाचीही खूण नसलेली. घोडाही नवा काढला, कारण त्याची खाच गेली होती. स्प्रिंगची जागाही खऱ्या मापाच्या नव्या स्प्रिंगला दिली. एकदा तिला छोटी खीळ सापडेना तेव्हा दाजींनी ती डाव्या हातानं कापडावरून उचलून तिच्यापुढं ठेवली. तिनं सगळं जुळवलं, नव्या खिट्टीच्या आत आपली फुली केली, काटा लावला. काटा जिथं जायला हवा तिथं गेला. घोडा चढवून दांड्यानं थोपटलं. जोरात थोपटलं. घोडा हलला नाही.

मग तिनं खणातून शिक्का काढला, शाईवर दाबला आणि दाजींच्या कागदावर मारला.

"घ्या," ती म्हणाली. "पिस्तूल पास आहे."

दाजींनी कागद घेतला नाही. त्यांनी पिस्तूल घेतलं, आत डोकावून ते रिकामं असल्याचं बघितलं, तोंड वाळूच्या पेटीकडे धरलं आणि चापावर बोट ठेवलं. बोट पांढरं झालं. मनगटाची शीर फुगली. कपाळावर घाम आला. चाप अर्ध्या वाटेपर्यंत आला आणि तिथंच उभा राहिला. त्यांनी दम घेतला, पुन्हा ओढला. धाकटी दुसरीकडे बघू लागली. शटरच्या फटीतून रस्त्यावरची धूळ आत येत होती आणि उजेडात गरगरत होती.

ते पिस्तूल टेबलावर ठेवत होते तेव्हाच शटर वर गेलं आणि थोरली आत आली. हातात पिशवी, केस वाऱ्यानं पिंजारलेले. फोनवर तुझा आवाज मला बरा वाटला नाही, असं तिनं आल्या आल्या धाकटीला सुनावलं. बघते, ताई, असं तू कधी म्हणतेस का? तू म्हणतेस, मला शिकवू नकोस. म्हणून बघायला आले. मग तिनं टेबलावरचा कागद बघितला, त्यावरचा ओला शिक्का बघितला आणि तिचा चेहरा सैल झाला.

"झालं की," ती म्हणाली. "उगाच जीव टांगणीला लावला." आणि सवयीनं, कुणी न सांगता, तिनं दाजींनी आल्या आल्या काढून ठेवलेला रिकामा पट्टा उचलला, खांद्यावर टाकला आणि पिस्तूल घ्यायला हात पुढं केला.

"थांब," दाजी म्हणाले.

धाकटीनं हिरव्या कापडाचं टोक मुठीत धरलं होतं. तिनं ठरवलं होतं की हे आपण सांगायचं नाही. पण त्यांनी सांगितलं नाही तर सांगायचं, आणि मग ते जे होईल ते होईल. ती मनात थांबून राहिली, घोडा चढवल्यासारखी.

दाजींनी सांगितलं. सांगताना ते उभे होते आणि पहिल्यांदा त्यांचे पाय जागचे हलले नाहीत. बोट, दार, कानस, खिट्टी. शेवटी सकाळचा पट्टा. तो पडला तेव्हा आत काय होतं आणि काय होऊ शकलं असतं. त्यांनी शब्द मऊ केले नाहीत.

थोरली ऐकत होती. ऐकता ऐकता ती स्टुलावर बसली. तिनं उजव्या पायातली चप्पल काढली आणि आपल्या पावलाकडे बघत राहिली, ते कुणा दुसऱ्याचं असावं तसं. बोटं हलवून बघितली.

"इथं पडला होता," ती म्हणाली. अंगठ्याच्या जरा पुढं तिनं जमिनीवर बोट टेकवलं. "इथं."

"हो," दाजी म्हणाले.

"रोज तो माझ्या कमरेला लागून येतो. खुंटीपासून दारापर्यंत."

दाजींच्या तोंडावरून धाकटीला कळलं की हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी बोटाचा विचार केला होता, परीक्षेचा केला होता, घर कसं चालेल याचा केला होता. रोज सकाळी ते पिस्तूल त्यांच्या आधी कुणाच्या अंगाला लागतं याचा केला नव्हता.

थोरलीनं त्यांचा उजवा हात ओढून घेतला. तर्जनी आपल्या मुठीत धरून वाकवायला गेली. बोट अर्धं वाकलं आणि ताठ राहिलं. तिनं ते सोडलं नाही.

"हे बोट मला द्यायचं होतं," ती म्हणाली. "पिस्तुलाला कशाला दिलंत?"

मग ती रडली, थोडीशी, रागानं. दाजी तिच्यासमोर खाली बसले. धाकटी मागं जाऊन कपाट उगाच उघडून उभी राहिली. तिला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, अर्धं अर्धं. उद्या पेढीत जायचं आणि बोट दाखवायचं, असं थोरली म्हणत होती. शिक्का घेऊन जा, पण परीक्षेला उभं राहू नका. ते म्हणाले, काढतील. ती म्हणाली, काढू देत. ते म्हणाले, मग काय करू. त्यावर तिनं चप्पल पुन्हा पायात घातली; तिलाही ते ठाऊक नव्हतं.

निघताना दाजींनी पिस्तूल बरोबर नेलं नाही. ते धाकटीनं लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हाताऱ्याला परत करायचं की पेढीत द्यायचं ते उद्या ठरणार होतं. टेबलावर काढून टाकलेली खिट्टी उरली होती. बिघडलेले भाग टाकायचा एक पत्र्याचा डबा बाबांच्या काळापासून टेबलाखाली होता. शिकत असताना दाजींच्या चंद्रकोरी त्यात चिकार पडल्या होत्या, बाबा भिंग लावून बघायचे आणि न बोलता टाकायचे. दाजी खाली वाकले, डबा पुढं ओढला, आणि खिट्टी स्वतःच आत टाकली. बारीक आवाज झाला.

"तिथं तुमची वस्ती जुनीच आहे," धाकटी म्हणाली.

ते हसले नाहीत. पण दारात थांबून त्यांनी शटरची ती सैल पट्टी हातानं चाचपली, आणि म्हणाले, हिचा एक स्क्रू गेलाय, मी येऊन बसवतो. कधी येतो ते सांगितलं नाही. थोरलीच्या खांद्यावर रिकामा पट्टा होता; दाजींनी तो काढून स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि दोघं वाऱ्यात बाहेर पडली.

धाकटीनं टेबल पुसलं, कापड झटकलं, हत्यारं जागेवर लावली. तरी तिला बसवेना. उद्या पेढीत काय होईल, ताईच्या घरात काय होईल, हे तिच्या हातात नव्हतं. आणि पिस्तूल न उघडता शिक्का मारला असता तर काय, हा विचार कपाटामागून पुन्हा पुन्हा डोकावत होता. तिनं कुलूप काढलं. पिस्तूल बाहेर घेतलं, आत बघितलं, रिकामं आहे, पुन्हा बघितलं, रिकामं आहे. घोडा चढवला. तोंड वाळूकडे.

तिनं बोट टेकवलं. काही झालं नाही. थोडं ओढलं. खरखर लागली, मग अडखळ आली. तिथं पिस्तूल थांबलं आणि जणू तिला विचारू लागलं, नक्की का? बाहेर शटर खडखडत होतं. तिनं बोट काढून घेतलं, घोडा अंगठ्यानं धरून ठेवला आणि मगच चाप ओढून तो हळूच खाली उतरवला.